ताई 18 हजार मागतायत, शेजारीण 12 देते, मग नक्की किती द्यायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात बाणेरला घर, नवराबायको दोघंही नोकरीला हिंजवडीला, मोठा चार वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची, तुमची रजा संपत आलीय आणि सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा दोघांना सांभाळायला कोणीतरी हवंय. वारज्याच्या एक ताई तुम्हाला आवडल्यात, त्या 18,000 मागतायत. तुमच्याच बिल्डिंगमधली मैत्रीण तिच्या बाईंना 12,000 देते आणि ती म्हणतेय की तू एवढे दिलेस तर सगळ्यांचेच रेट वाढतील. एजन्सीने 22,000 सांगितलेत. कोणावर अन्याय नको आणि आपणही फसायला नको, तर योग्य आकडा कोणता.

मी कर्वेनगरला 14 वर्षं पाळणाघर चालवलं आणि नंतरची 9 वर्षं घरी जाऊन मुलं सांभाळणाऱ्या बायकांना शिकवणं आणि त्यांची चांगल्या घरांशी गाठ घालून देणं हेच करतेय. पगारावरून तुटलेली इतकी चांगली कामं बघितलीत की आता कोणी आकडा विचारला की मी आधी कागद-पेन घ्यायला सांगते, कारण महिन्याच्या आकड्यावरून काहीच कळत नाही, तास मोजावे लागतात.

तुमच्या मैत्रिणीचंच घ्या. तुम्हीच पुढे लिहिलंय की तिच्या बाई सकाळी 9 ते 3 येतात, शनिवार-रविवार सुट्टी, एकच मूल, आणि घरात सासूबाई असतात. म्हणजे रोजचे 6 तास, महिन्याचे साधारण 22 दिवस, झाले 132 तास. 12,000 भागिले 132, तासाला 91 रुपये. आता तुमचं बघा. रोजचे 10 तास, महिन्याचे 26 दिवस, 260 तास. ताईंनी मागितलेले 18,000 त्याला भागले तर तासाला 69. म्हणजे जिला वाटतंय की आपण कमी देतो तीच तासाला 22 रुपये जास्त देतेय, आणि वारज्याच्या ताईंनी जो आकडा सांगितलाय त्यात दोन मुलं आहेत आणि मदतीला घरात मोठं माणूस कोणी नाही. आणि मैत्रिणीचं ऐकून तुम्ही 12,000 वर अडून बसलात तर तो दर तासाला 46 रुपयांवर येतो. 46 रुपयांत सात महिन्यांचं बाळ दिवसभर कोणाच्या हातात द्यायचं हा विचार तुम्ही स्वतःच करून बघा.

खालची मर्यादा कुठे धरायची असंही लोक विचारतात. घरात मूल सांभाळायच्या कामाचा रेट छापलेला तक्ता शोधत बसण्यापेक्षा एक सोपं करा, राज्य सरकार दुकानं, कारखाने वगैरे वेगवेगळ्या उद्योगांसाठी किमान वेतन ठरवतं आणि त्यातला महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. त्यातला पुण्याला लागू असलेला कुठलाही ताजा आकडा काढा, तो 8 तास आणि 26 दिवसांचा असतो म्हणून त्याला 208 ने भागा. मिळेल तो तासाचा दर ही तुमची जमीन समजा, त्याच्या खाली जायचं नाही. दुकानात खोकी उचलणाऱ्याला जे कायद्याने मिळतं त्यापेक्षा कमी आपल्या पोराला उचलणारीला द्यायचं हे मला कधीच पटलेलं नाही. आणि लहान बाळ सांभाळणं हे बिनकौशल्याचं काम नाहीच, घशात काही अडकलं तर बाळाला पालथं कसं धरायचं, ताप मेंदूत जाईल असं वाटलं तर कोणाला फोन करायचा, रडणं भुकेचं का झोपेचं का पोटात दुखतंय म्हणून, हे ज्या बाईला कळतं तिचा दर जमिनीच्या वर बराच असायला हवा.

आता खरा घोळ सांगते, तो तासांचाच. तुम्ही साडेसहा लिहिलंय. हिंजवडीहून तुम्ही सहाला निघणार, वाकडच्या पुलाखाली अडकणार, पावसाळ्यात तर विचारूच नका, आणि घरात पाय ठेवणार तेव्हा सव्वासात झालेले असणार. हे महिन्यातून एकदा नाही, आठवड्यातून चारदा होणार. पहिले पंधरा दिवस ताई काही बोलणार नाहीत, मग एक दिवस म्हणतील की माझी बस चुकते, मग चिडचिड सुरू, आणि तुम्हाला वाटणार की पाऊण तासावरून काय एवढं. तो पाऊण तास त्यांच्या घरातल्या मुलाच्या जेवणाचा असतो. म्हणून आधीच प्रामाणिकपणे ठरवा. साडेआठ ते सव्वासात म्हणजे पावणेअकरा तास, 26 दिवसांचे 279 तास आणि वर थोडे, त्याच 69-70 च्या दराने 19,500 होतात. माझ्या मते तुमच्या घराचा योग्य आकडा हाच आहे. 18,000 च द्यायचे असतील तर साडेसहाला ताई दाराबाहेर पडल्या पाहिजेत, आणि ज्या दिवशी उशीर होईल त्या दिवशी प्रत्येक अर्ध्या तासाला 50 रुपये वेगळे, त्याच दिवशी. हा साधारण दीडपट दर झाला. कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट असतो, त्यामुळे हे काही उपकार नाहीत.

दोन मुलांचं म्हणाल तर दुसऱ्या मुलाला पगार दुप्पट होत नाही, मी साधारण पाव ते एक तृतीयांश वाढ धरते, पण ती मुलांच्या वयावर. तुमचा मोठा बारा साडेबाराला शाळेच्या बसमधून उतरणार, म्हणजे त्याच वेळेला ताईंना बाळ कडेवर घेऊन खाली गेटपर्यंत जायचं, लिफ्ट बंद असली तर जिन्याने, आणि नेमकं तेव्हाच धाकटीची झोपायची वेळ. त्या एका तासात दोन हात पुरत नाहीत. म्हणून त्या वेळेला ताईंना स्वयंपाकाचं काहीही सांगू नका हे मी प्रत्येक घरात सांगते.

आणि कामाची हद्द. बाळाचं आंघोळ-पाणी, शी-शू, खिमट किंवा नाचणीची पेज करणं, बाटल्या उकळणं, मुलांचे कपडे धुऊन घड्या घालणं, मुलांची खोली आवरणं, हे सगळं बाळाच्या कामात धरतात आणि ते 18 च्या आत येतं. तुमच्या पोळ्या, तुमची भांडी, केर-लादी, पाहुणे आल्यावर चहा, हे त्यात नाही. तुम्हाला ते हवं असेल तर पोळीवाल्या मावशी वेगळ्या लावा, नाहीतर त्याचे पैसे वेगळे बोला, पण बाळ झोपलंय तर बसूनच आहात ना, जरा भाजी निवडा, असं सुरू झालं की महिन्याभरात तीन कामं एका पगारात जातात आणि त्याची किंमत शेवटी बाळ मोजतं. बाळ झोपतं ती वेळ ताईंची जेवायची असते. मी एका घरी गेले होते, तिथे मावशी ओट्यापाशी उभ्याउभ्या भाकरीचा तुकडा मोडत होत्या, कान आतल्या खोलीकडे, दोन घास झाले आणि बाळ उठलं, डबा तसाच उघडा राहिला आणि अडीच वाजता मी निघाले तेव्हाही तो उघडाच होता. त्या घरात पगार चांगला होता. तरी त्या चार महिन्यांत सोडून गेल्या.

आता ताईंच्या बाजूने हिशोब करू, कारण हा भाग घरोघरी राहूनच जातो. काही वर्षांपूर्वी एका मावशींना मी विचारलं की तुम्ही 15,000 च का म्हणता, 13 वर का येत नाही. त्यांनी पर्समधून एक लग्नपत्रिका काढली, तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मुलीच्या शाळेच्या पेनने लिहिलेलं होतं. खोलीभाडं 5,500. लाइट 600. बसचा पास 900. मुलीला शाळेतून आल्यावर शेजारीण बघते तिचे 2,000. भिशी 1,000. खाली रेघ मारून 10,000. आणि त्याखाली नुसतं लिहिलं होतं, राशन, शाळा, दवाखाना, 5,000. नवरा रंगकाम करायचा, पावसाळ्यात त्याचं काम बंद. ती पत्रिका त्यांनी मला वाद घालायला दाखवली नव्हती, त्यांना स्वतःला घर चालवायला तो हिशोब रोज लागत होता म्हणून ती पर्समध्ये होती. त्यातला 2,000 चा आकडा बघा. आपलं मूल दुसऱ्यापाशी ठेवून त्या तुमचं मूल सांभाळायला येतात, आणि ते शेजारणीचे पैसे तुमच्याच पगारातून जातात. तुम्ही त्यांच्याकडून 2,000 कमी करवून घेतले तर तिथे कपात होते, म्हणजे त्यांची मुलगी दुपारी एकटी राहते, आणि मग दुपारी तुमच्या घरात त्यांचं लक्ष कुठे असणार.

पासचंही तसंच. जून 2025 मध्ये पीएमपीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, तिकीट वाढलं तेव्हा महिन्याचा पास 900 वरून 1,500 झाला. ज्या बाई लांबून येतात त्यांचा पगार त्या महिन्यात न बोलता 600 ने कमी झाला, किती घरांनी तो भरून दिला माहितेय, माझ्या ओळखीतली दोन. वारज्याहून बाणेरला रोज येणं म्हणजे चांदणी चौकातून यायचं, गर्दीच्या वेळी तासभर तरी धरा. म्हणून मी तुम्हाला सांगेन की पास तुम्हीच काढून द्या, पगारात धरू नका. सूस किंवा सुतारवाडीत राहणाऱ्या कोणी मिळाल्या असत्या तर हा खर्च नव्हता, पण तुम्हाला ज्या आवडल्यात त्या वारज्याच्या आहेत, आणि बाळ ज्यांच्याकडे पहिल्या भेटीत गेलं त्यांना बसभाड्यावरून सोडू नका.

एजन्सीचे 22,000 ऐकून घाबरू नका, फक्त एकच प्रश्न विचारा, यातले बाईंच्या हातात किती पडतात. काही एजन्सी सुरुवातीला एकदाच फी घेतात, बऱ्याच ठिकाणी ती एका पगाराच्या आसपास असते, आणि मधे बाई सोडून गेली तर ठरलेल्या मुदतीत दुसरी देतात. हे ठीक आहे, त्यांचंही काम आहे. पण काही दर महिन्याला पगारातून कापतात. एका घरात मी स्वतः बघितलं, घरातले 22,000 भरत होते आणि मावशींना 16,000 मिळत होते, दोघींनाही एकमेकींचा आकडा माहीत नव्हता. घरातल्यांना वाटायचं एवढे देऊनही ही तोंड पाडून असते, मावशींना वाटायचं एवढं मोठं घर आणि एवढा कमी पगार. पगार थेट ताईंच्या खात्यात गेला पाहिजे, त्यांच्या स्वतःच्या, नवऱ्याच्या नाही, आणि एजन्सीची फी एजन्सीला वेगळी. ओळखीचे कागद बघा, झेरॉक्स घ्या, पोलीस व्हेरिफिकेशन जरूर करा, पण मूळ आधार कार्ड आपल्या कपाटात ठेवून घेणं बरोबर नाही, काही घरं ते करतात. आणि एजन्सी असो किंवा गावाकडची ओळख असो, कोणी स्वस्तात एखादी लहान मुलगी आणून देतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासूनच बंदी आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर तर जवळजवळ कुठल्याच कामाला ठेवता येत नाही. मी 18 च्या खालची मुलगी कुठल्याच घरी पाठवत नाही, कारण तिचं स्वतःचंच शिकायचं वय असतं.

आता खाडे. पगारापेक्षा जास्त भांडणं खाड्यांवरून होतात. कोथरूडच्या एका घरात मला मध्यस्थी करायला बोलावलं होतं. घरमालकिणीच्या मोबाइलमध्ये चार खाडे लिहिलेले. मावशींनी स्वतःच्या घरचं कॅलेंडर गुंडाळून पिशवीतून आणलं होतं, त्यावर निळ्या पेनाचे दोनच गोल. दोघी खोटं बोलत नव्हत्या. मधले दोन दिवस ते कुटुंब अलिबागला गेलं होतं, मावशींना आदल्या रात्री फोन करून सांगितलं उद्या-परवा येऊ नका. घरच्यांच्या हिशोबात बाई आली नाही म्हणजे खाडा. मावशी फक्त एवढंच म्हणत होत्या, मी तर तयार होते हो यायला. तर हे लिहूनच घ्या, तुम्ही बाहेरगावी गेलात, आजी-आजोबा आले म्हणून नको म्हणालात, वर्क फ्रॉम होम आहे म्हणून लवकर सोडलंत, त्याचा एक रुपयाही कापायचा नाही. तुमची कंपनी क्लायंट सुट्टीवर आहे म्हणून तुमचा पगार कापत नाही ना.

आठवड्याची एक सुट्टी, त्याशिवाय महिन्याला दोन भरपगारी रजा, आणि वर्षातून एकदा गावाला जायला आठ दिवस. पुण्यात घरकाम करणाऱ्या कितीतरी जणी सोलापूर, लातूर, धाराशिव, बीडकडच्या, त्यांना चैत्र-वैशाखात गावच्या जत्रेला जायचं असतं, पंचमीला माहेरी जायचं असतं. हे जानेवारीतच विचारून ठेवा आणि तुमची रजा त्याला जुळवा. आजारपण त्यात धरू नका, ताप असताना बाळाजवळ त्या आलेल्या तुम्हालाही नको असतात, मग त्या दिवसाचे पैसे कापले तर त्या ताप लपवून येणार. हा मुद्दा पुण्याला नवा नाही. 1980 साली याच शहरात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता, तो पेटला आजारपणात चार दिवस न आलेल्या एका बाईला कामावरून काढलं म्हणून, आणि त्यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. दिवाळीला एक पगार बोनस, भरपगारी रजा, हे आज आपण पुण्याची रीत म्हणून सांगतो ते असं रस्त्यावर उतरून मिळवलेलं आहे. तेव्हा बोनस 19,500 चा पूर्ण द्या, सहा महिनेच झाले असतील तर निम्मा, आणि साडी किंवा मिठाईचा बॉक्स हा बोनस नाही, तो वेगळा द्यायचा तर द्या.

दरवर्षी वाढ 10 टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि ती मागायच्या आधी द्या. मूल अडीच वर्षांचं होऊन प्लेग्रुपला जायला लागलं की बरीच घरं म्हणतात आता काम कमी झालं, पगार अर्धा करू. तसं अचानक करू नका, दोन महिने आधी सांगा म्हणजे त्यांना दुसरं अर्ध्या वेळचं काम शोधता येतं. सोडायचं झालं तर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस. उचल मागितली तर, आणि मुलांच्या शाळेच्या फीच्या वेळी ती मागितली जातेच, तर द्या, दोघींकडे वहीत लिहा, आणि महिन्याला हजार-दीड हजारच्या वर कापू नका, नाहीतर पगाराच्या दिवशी हातात काहीच पडत नाही आणि पुढची उचल तिथेच ठरते.

एक गोष्ट मी हल्ली आग्रहाने सांगते. तुम्हाला पीएफ आहे, त्यांना काही नाही. सरकारची श्रमयोगी मानधन पेन्शन आहे पण ती महिना 15,000 पर्यंत कमावणाऱ्यांसाठी, तुमच्या ताई त्यात बसणार नाहीत. अटल पेन्शन योजना 18 ते 40 वयापर्यंत घेता येते, 35 व्या वर्षी सुरू केली तर साठीनंतरच्या 5,000 पेन्शनसाठी महिन्याला 902 रुपये भरावे लागतात. ते 902 तुम्ही भरा. 20 रुपयांत वर्षभराचा 2 लाखांचा अपघात विमा आहे, पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, बँकेच्या खात्याला जोडला की झालं, रोज बसने गर्दीतून येणाऱ्या बाईला तो असलाच पाहिजे. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी आणि 2008 च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळाची नोंदणी, दोन्ही त्यांना करायला सांगा, मंडळाला कामाचा दाखला लागतो तो कित्येक घरं सहीला घाबरून देत नाहीत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, बाई आपल्याकडे काम करतात एवढंच आपण लिहून देतो.

इतकं सगळं मी का सांगतेय तर माझ्या हातून एकदा हे चुकलंय. पाळणाघरात माझ्याकडे एक मावशी होत्या, बाळांच्या खोलीत त्या असल्या की खोली शांत असायची. त्यांनी हजार रुपये वाढवून मागितले, मी म्हणाले दिवाळीनंतर बघू. त्यांना जवळच्याच एका घरी ते हजार मिळाले आणि त्या गेल्या. त्यांच्या हातून जेवणारा दहा महिन्यांचा एक मुलगा होता, तो नंतर तीन आठवडे माझ्याकडे नीट जेवला नाही, वाटी बघितली की तोंड फिरवायचा आणि दाराकडे बघत बसायचा. त्याच्या आईने मला काही बोललं नाही पण त्याचं वजन उतरलेलं मला दिसत होतं. हजार रुपये वाचवून मी त्या मुलाकडून काय घेतलं हे मला अजून आठवतं.

तुम्हाला 19,500 अधिक पास अधिक पेन्शन, म्हणजे 22,000 च्या जवळ, खरंच झेपत नसेल तर तेही उघड बोला, त्यात लाज नाही, घराचा हप्ता असतो. फक्त तास कमी करा, दर कमी करू नका. शनिवार सोडलात तर पावणेअकरा तास गुणिले 22 दिवस, त्याच दराने 16,500 होतात, आणि शनिवारी दोघांपैकी एकाने घर बघायचं. किंवा नवऱ्याने ऑफिसची वेळ एक तास मागे-पुढे करून घ्यावी, हे काम फक्त आईनेच जुळवायचं असं नाही. बिल्डिंगमध्येच त्याच वयाचं बाळ असलेलं घर मिळालं तर दोन घरं मिळून एका ताईंना ठेवतात, तेव्हा प्रत्येक घराने साधारण 60-65 टक्के द्यायचे, ताईंना सव्वापट मिळतं आणि तुमचं वाचतं, पण मग मोठा मुलगा त्यात धरून तीन मुलं होतील म्हणून तुमच्या बाबतीत मला ते जरा जड वाटतं. चांगलं पाळणाघर हाही पर्याय आहेच. आणि तुमच्या कंपनीत विचारा, 50 किंवा जास्त लोक काम करत असतील तर 2017 च्या बदलापासून कंपनीला पाळणाघराची सोय ठेवावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हिंजवडीत हे विचारायला बऱ्याच आया संकोच करतात, करू नका.

रजा संपायला किती दिवस राहिलेत ते तुम्ही लिहिलं नाहीये. निदान पंधरा दिवस आधी ताईंना सुरू करा, पूर्ण पगारावर, ट्रायल म्हणून फुकट किंवा अर्ध्यावर नाही. पहिले आठ दिवस तुम्ही घरातच राहा पण बाळ रडलं की लगेच धावू नका, त्यांना त्यांचा हात बसवू द्या. डॉक्टरांची तपासणी, छातीचा एक्स-रे करून घ्यायचा असेल तर जरूर करा, खर्च तुमचा, आणि का करतोय ते नीट सांगून. पगाराची तारीख 1 ठेवा, तुमचा पगार 30-31 ला होतो आणि त्यांचं भाडं 5 च्या आत द्यायचं असतं, 10 तारखेला दिलेला पूर्ण पगारसुद्धा त्यांच्यासाठी उशिरा आलेला पगार असतो.

रविवारी त्यांना चहाला बोलवा, नवऱ्यालाही बसवा, कागदावर तुमच्या खऱ्या वेळा लिहून ठेवा, उशीर होतो तो दिवसही. त्यांनी 18 सांगितलेत म्हणून तिथून खाली ओढायला सुरुवात करू नका, तो कागद पुढे ठेवा आणि विचारा, ताई, सव्वासातपर्यंत थांबावं लागेल, मोठाही घरी असेल, 19,500 आणि पास आमच्याकडून, तुम्हाला जमेल का.